आपल्या संगणकात काय असावे, हे कोण ठरवते?

धानाची लागवड दोन तऱ्हांनी होते, हे गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. आवत्या पद्धतीत बी थेट बांधीत फेकतात. रोवणीच्या पद्धतीत आधी एका लहान तुकड्यात पऱ्हे टाकतात आणि रोपे तयार झाली की ती उपटून सगळ्या बांध्यांत लावतात.

शाळेच्या संगणक-खोलीतही असेच दोन मार्ग असतात. समजा, दहा संगणक आहेत. प्रत्येकापुढे बसून आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कार्यप्रणाली घालायची, मग मराठी टंक, मग कळफलकाची मांडणी, मग एकेक प्रोग्राम. हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे हे सारे एकाच जागी एकदा तयार करायचे, त्याची एक मोठी फाइल बनवायची आणि ती दहाही संगणकांवर उतरवायची. या फाइलला ‘इमेज’ म्हणतात. शब्दाचा अर्थ प्रतिमा असा असला तरी हे चित्र नव्हे. डिस्कवर काय काय आणि कसे असावे, याचा तो तयार साचा असतो.

असा साचा बनवायला एके काळी बरीच जाणकारी लागे. आता इंटरनेटवरच्या एका पानावर फॉर्म भरून तो मागवता येतो. भाषा कोणती, कळफलक कोणता, कोणते प्रोग्राम हवेत, हे निवडायचे; थोड्या वेळाने तयार इमेज उतरवून घ्यायची आणि पेन ड्राइव्हवर घालायची. सोय मोठी आहे. पण या सोयीमागचा इतिहास पाहिला तर शिक्षकांच्या कामाचा एक प्रश्न पुढे येतो. संगणकात काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो कसा हलत गेला आणि आज तो खरोखर आपल्याकडे आला आहे का? या लेखात आम्ही तोच प्रश्न घेतला आहे.

कार्डांच्या गठ्ठ्याचा काळ

अगदी सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण कार्यप्रणालीच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० साली पुरे झाले. त्या पिढीच्या यंत्रांवर जे लागेल ते वापरणाऱ्यांनीच लिहायचे, अशी रीत होती. अमेरिकेत १९५६ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एकामागून एक कामे आपोआप चालवणारी प्रणाली तयार झाली. ती लिहिली होती जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी. म्हणजे पहिल्या कार्यप्रणालींपैकी एक यंत्र विकणाऱ्याने नव्हे, तर विकत घेणाऱ्यांनी घडवली.

पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रांची मालिका जाहीर केली. लहान यंत्रापासून अवाढव्य यंत्रापर्यंत सर्वांना चालेल असे सॉफ्टवेअर द्यायचे, ही त्यामागची कल्पना. पण एका गिऱ्हाइकाकडे दोन छपाईयंत्रे, तर दुसऱ्याकडे आठ चुंबकीय फितींची यंत्रे. कोणाला एका वेळी एकच काम चालवायचे, कोणाला ठरावीक संख्येची, तर कोणाला कमीजास्त होणाऱ्या संख्येची कामे एकत्र चालवायची. एकच तयार प्रणाली सर्वांना कशी पुरणार?

त्यावरचा उपाय म्हणजे ‘सिस्टिम जनरेशन’. गिऱ्हाइकाने छिद्रे पाडलेल्या कार्डांवर आपल्या यंत्राचे वर्णन आणि आपल्या निवडी मांडायच्या. पहिल्या फेरीत यंत्र ती कार्डे वाचून पुढच्या कामांची यादी तयार करी. दुसऱ्या फेरीत ती कामे चालत, हवे तेवढेच भाग एकत्र जुळत आणि त्या गिऱ्हाइकापुरती बेतलेली कार्यप्रणाली डिस्कवर उतरे. आज आपण फॉर्मवर खुणा करतो तेव्हा हेच करत असतो. कार्डांच्या जागी खुणांच्या चौकटी आल्या. निवडी आधी, जुळणी नंतर, हा क्रम मात्र तोच राहिला.

निवड हातातून जाते

हा अधिकार मोठ्या संस्थांचा होता. संगणक लहान आणि स्वस्त होऊन शाळा-घरांत आला, तेव्हा तो अधिकार बरोबर आला नाही. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यात बीबीसी मायक्रो हे यंत्र वापरले गेले. त्याची कार्यप्रणाली यंत्रातल्या चिपमध्येच कायमची भरलेली होती. चालू केले की लगेच हजर, हा तिचा गुण. शिक्षकाने बदलावे असे तिच्यात फारसे काही नाही, ही तिची मर्यादा.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला. त्याच्या डॉस प्रणालीत १९८३ पासून एका छोट्या मजकूर-फाइलीत चार ओळी लिहून काही गोष्टी जोडता येत. पण हळूहळू संगणक दुकानातूनच तयार कार्यप्रणालीसह मिळू लागला. तिच्यात काय असावे, हे दूरच्या कंपनीने ठरवलेले असे आणि तिची मूळ संहिता गिऱ्हाइकाला पाहायलाही मिळत नसे. यात वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. लाखो प्रती विकायच्या तर सर्वांना एकच माल देणे किफायतशीर असते. परिणाम मात्र असा झाला, की ज्या भाषेचा बाजार लहान तिला वाट पाहावी लागली.

मराठीसाठी वेगळे कार्ड

मराठीची वाट कशी निघाली, हे पाहण्यासारखे आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी १९८६ साली ठरली. १९८८ साली पुण्यात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांवर आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम तेथे पुढे गेले. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ नावाचे कार्ड घडवले. हे कार्ड म्हणजे संगणक उघडून आत बसवायचे एक सर्किट. डॉस प्रणालीला देवनागरी समजत नव्हती आणि ती बदलणे आपल्या हाती नव्हते. म्हणून अक्षरे जोडून पडद्यावर दाखवण्याचे काम या वेगळ्या कार्डावर सोपवले गेले. संगणक ‘आपल्यासारखा’ करायचा तर त्या वेळी पेचकस हातात घ्यावा लागे!

अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांसाठी १९९१ साली भारतीय मानक आले आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी योजलेल्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्तीही आली. देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तरी बारकावे उरतातच. लेखाच्या सुरुवातीला ‘पऱ्हे’ हा शब्द आला आहे. त्यातला ‘ऱ’ नीट न उमटता रफार आला, तर ‘पर्हे’ असे काहीतरी दिसेल आणि कोणताही शेतकरी त्याला हसेल. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत तर अर्थच बदलतो. हिंदीला हा ‘ऱ’ लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा क्रमांक आहे आणि इन्स्क्रिप्टवर तो शिफ्टसह ‘जे’ कळीवर मिळतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही हिंदी छापाहून वेगळी आहेत; राज्य सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढला, त्यात ती वळणे निश्चित केली. चांगल्या टंकात दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी कळवलेली असली की मराठी वळण उमटते. म्हणून फॉर्मवर ‘मराठी’ ही निवड म्हणजे केवळ भाषांतरित मेनू नव्हे. अक्षराचे रूप, महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची रीत, शब्दांचा अकारविल्हे क्रम, हे सारे तिच्याबरोबर येते.

निवड परत येते

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावे, पाहावे, बदलावे आणि वाटावे अशी कार्यप्रणाली घडवायची, हा त्याचा उद्देश. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा तिचा गाभा होऊ शकेल असा प्रोग्राम खुला केला. हा गाभा आपल्या यंत्रासाठी तयार करताना संगणक एकेक प्रश्न विचारी : अमुक डिस्क आहे का? तमुक जोडणी हवी का? उत्तर हो किंवा नाही. आज या प्रश्नांची संख्या हजारोंच्या घरात आहे. सिस्टिम जनरेशनचा जुना हक्क असा सामान्य विद्यार्थ्याच्या टेबलावर परत आला.

गाभ्याभोवती शेकडो प्रोग्राम लागतात. ते गोळा करून, एकमेकांशी जुळवून देणारे ‘डेबियन’सारखे संच १९९३ पासून निघाले. त्यांनी एक अवघड गाठ सोडवली. तारामंडळ दाखवणारा ‘स्टेलॅरियम’ हवा असेल तर त्याला चित्रे रेखाटणारे इतर भाग लागतात, त्या भागांना आणखी काही लागतात. कोणाला काय लागते याच्या नोंदी प्रत्येक प्रोग्रामच्या गठ्ठ्यावरच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एक निवडला की बाकीचे आपोआप येतात. २०२३ साली निघालेल्या डेबियनच्या १२व्या आवृत्तीत असे ६० हजारांहून अधिक गठ्ठे होते. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ काढले. सुमारे दोन गिगाबाइटचे सॉफ्टवेअर दाबून एका सीडीवर बसवायचे आणि डिस्कला हात न लावता सीडीवरूनच संगणक चालवायचा, ही त्याची खुबी होती.

याच सुमारास मुंबईच्या ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रा’त लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटवण्याचे ‘इंडिक्स’ हे काम झाले. ‘इंडलिनक्स’ या गटाने स्वयंसेवकांना जमवून भाषांतर सुरू केले. ‘रेड हॅट’ कंपनीने २००४ साली ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक खुले केले; पुढे त्यांची देखभाल पुण्यातून होत राहिली. आता पेचकस नको होता. संहिताच उघडी असल्याने देवनागरी आतूनच बसवता आली.

फॉर्म भरा, इमेज घ्या

१९९९ साली कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी ‘फाय’ नावाचे साधन लिहिले. अनेक संगणकांवर डेबियन आपोआप बसवायचे, त्यासाठी निवडी आधीच मजकूर-फाइलींत लिहून ठेवायच्या, ही त्याची पद्धत. पण त्या फाइली लिहिता यायला हव्यात. मग त्यावर फॉर्मच का ठेवू नये?

नोव्हेल कंपनीने जुलै २००९ मध्ये ‘सुसे स्टुडिओ’ सुरू केला, तो याच कल्पनेवर. ब्राउझरमध्ये आधी एक मूळ साचा निवडायचा. शोधून हवे ते प्रोग्राम घालायचे. त्यांना लागणारे भाग आपोआप येत. भाषा, वेळ, वापरकर्त्यांची नावे ठरवायची, आपल्या संस्थेचे बोधचिन्ह आणि आपल्या फाइली टाकायच्या. काही मिनिटांत सीडीची किंवा पेन ड्राइव्हची इमेज तयार होई. ती उतरवण्यापूर्वी ब्राउझरमध्येच चालवून पाहण्याचीही सोय होती. २०१७ साली ‘फाय’ प्रकल्पानेही डेबियनसाठी असा फॉर्म उघडला. घरातल्या राउटरसाठी ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ प्रकल्पाचे असेच निवडपान आहे.

फॉर्मच्या मागे जादू नसते. आपल्या निवडींची एक मजकूर-यादी बनते. दूरच्या संगणकावर एक रिकामी डिस्क कल्पून तिच्यात गठ्ठे एकामागून एक उलगडले जातात, निवडींप्रमाणे फाइली लिहिल्या जातात, शेवटी सारे बांधून एक फाइल होते. आयबीएमच्या दोन फेऱ्या येथे ओळखू येतात.

शाळांनी हे केले आहे

पूर्ण राज्यासाठी एकच साचा बनवण्याचे ठळक उदाहरण केरळचे आहे. तेथील ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांना लागणारे प्रोग्राम आणि मल्याळम घालून लिनक्सचा स्वतःचा संच घडवला. २०१९ साली निघालेली त्याची आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी होती. सी-डॅकने २००७ साली भारतीय भाषांसह ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणाली काढली. तिची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. महाराष्ट्रात २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट येथील लहानशा शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची यंत्रे आली. त्या यंत्रात साठवणीला जागा होती फक्त एक गिगाबाइट. इतक्या जागेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा प्रश्न तेथे तांत्रिक राहत नाही. तो अभ्यासक्रमाचा प्रश्न होतो.

देवरीच्या शाळेसाठी फॉर्म भरताना

आता हाच प्रश्न गोंदिया जिल्ह्यात आणून पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी अशा भाषा येथे कानावर पडतात. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या शाळेसाठी आपण फॉर्म भरतो आहोत, असे धरू.

काही ओळी सोप्या आहेत. तारे पाहण्यासाठी स्टेलॅरियम, मूलद्रव्यांच्या सारणीसाठी कॅल्झियम, लहान मुलांना चित्रे काढायला टक्स पेंट, खेळत शिकायला जीकॉम्प्री. इंटरनेट रोज मिळेलच असे नाही, म्हणून विकिपीडिया जवळ साठवून वाचता येईल असा ‘किविक्स’. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. डेबियनमध्ये मराठीसाठी लागणारे भाग एकत्र आणणारा गठ्ठाही आहे.

मग मुलांच्या घरच्या भाषा. लिनक्सच्या संचांत ‘ग्लिबसी’ नावाचा एक पायाभूत भाग असतो. त्यात प्रत्येक भाषा-प्रदेशासाठी एक मजकूर-फाइल असते; वार, महिने, तारखेची रीत तिच्यात असतात. त्या फाइलींत मराठी आहे आणि छत्तीसगढीही आहे. भिलीसुद्धा आहे. छत्तीसगढी आणि भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. तरी कोणीतरी बसून त्या फाइली लिहिल्या, म्हणून त्या यादीत आल्या.

आणि गोंडी? २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी आपली भाषा गोंडी असल्याचे सांगितले. तीही आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे अनुसूचित भाषांसाठी होणाऱ्या सरकारी कामात ती सहसा येत नाही. १९१८ साली, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी एक लिपी रचली. तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले जून २०१७ मध्ये, म्हणजे ९९ वर्षांनी. पुढच्याच वर्षी आदिलाबादकडच्या हस्तलिखितांत सापडलेली गुंजाला गोंडी लिपीही आली. मसराम गोंडीचा मोफत टंक आज मिळतो आणि तो इमेजमध्ये घालता येतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेला जाणाऱ्या घरातल्या मुलाला आपली लिपी शाळेच्या पडद्यावर दिसू शकते. पण टंक म्हणजे अक्षरे दिसण्याची सोय. कळफलक, भाषेची फाइल, मेनूंचे भाषांतर ही पुढची कामे आहेत आणि ती भाषा जाणणाऱ्यांशिवाय होत नाहीत.

येथे फॉर्मची मर्यादा उघड होते. फॉर्म निवड देतो ती आधी कोणीतरी तयार केलेल्या गोष्टींतून. यादीत जी ओळच नाही, तिच्यापुढे खूण करता येत नाही. ‘मराठी’ ही ओळ यादीत दिसते, कारण तिच्यामागे पुणे-मुंबईतल्या लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. ओळ वाढवण्याचा अधिकार मात्र खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाचाही आहे, आणि हा अधिकार निवडीच्या अधिकारापेक्षा मोठा आहे.

काही खबरदारी आणि एक उपक्रम

फॉर्म दुसऱ्याच्या संगणकावर असतो, हे विसरू नये. सुसे स्टुडिओ फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाला. त्यात घडवलेली इमेज ज्यांनी नुसती वापरली, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागणार हे उघड आहे; निवडींची यादी ज्यांनी जवळ ठेवली, त्यांना ती दुसऱ्या साधनात पुन्हा मांडता येते. म्हणून काय निवडले आणि का, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवावे. फॉर्ममध्ये नेहमीचा पासवर्ड देऊ नये; तात्पुरता द्यावा आणि संगणक चालू होताच बदलावा. इमेज कोणी बांधली याची खात्री करावी, आणि सोबत दिलेली पडताळणीची संख्या जुळवून पाहावी. एका जुन्या संगणकावर आठवडाभर चालवून मगच ती सगळीकडे उतरवावी. पऱ्ह्यात रोग असेल तर तो साऱ्या बांध्यांत जातो.

नववी-दहावीच्या वर्गाला एक काम देता येईल, आणि त्याला संगणकही लागत नाही. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने आपल्या शाळेच्या संगणकासाठी दहा गोष्टींची यादी करावी. मग जागा कमी आहे असे सांगून पाच गाळायला लावा, आणि प्रत्येक गोष्ट का ठेवली, का गाळली, हे वर्गापुढे मांडू द्या. शेवटी विचारा : तुम्हाला हवी असलेली, पण कोणीच अजून तयार न केलेली गोष्ट कोणती? एखादी मुलगी आजीकडून गोंडीतली वारांची आणि महिन्यांची नावे लिहून आणेल, एखादा मुलगा पोवारीतली. भाषेची फाइल अशाच नावांपासून सुरू होते. तुमच्या वर्गात अशी यादी झाली, तर ती आमच्याकडे जरूर पाठवा.